तीन देश, अठरा वर्षं, एक अर्ज: तेरेखोलकाठच्या दोन भावांचं प्रकरण

तेरेखोलची खाडी आमच्याकडे हद्द मानतात. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोव्याचं पेडणं. किल्ला तेवढा अलीकडच्या काठावर असूनही गोव्याचा. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी तो बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि तेव्हापासून तो त्यांच्याच बाजूला राहिला. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही खाडी म्हणजे दोन देशांची सीमा होती. पण सीमा आहे म्हणून सोयरीक काही थांबली नाही. पेडण्याच्या मुली आरोंदा, सातार्डा, रेडी या बाजूला दिल्या जात, इकडच्या तिकडे जात. हे प्रकरण अशाच एका लग्नातून सुरू होतं.

मी सावंतवाडीत भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, वारस नोंदी असे कागद करून देतो. जानेवारी २०२३ मध्ये एक गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आले. त्यांना इथं थोरले म्हणतो, कारण पुढे धाकटेही येणार आहेत. दोघांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे. डब्यात पोर्तुगीज, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांतल्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षवार रबर लावून ठेवलेल्या. अठरा वर्षांत एक चिठ्ठी फेकली नव्हती. मला या माणसाचं तेव्हाच कौतुक वाटलं.

थोरल्यांचा जन्म मार्च १९५७ चा. आई पेडण्याची, म्हणजे जन्मानं पोर्तुगीज अमलाखालची. त्या काळात गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. रेडीच्या खाणीवरचं सात वर्षांचं काम सुटल्यावर थोरल्यांनी आईचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून घेतला, पाठोपाठ स्वतःचा. २००४ मध्ये ते पोर्तुगीज पासपोर्टावर गेले. अर्थात त्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपलं. आज ते गावात ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर राहतात.

लिस्बनजवळ इमारतींच्या बांधकामावर सहा वर्षं. २००८ नंतर तिथली कामं बसली आणि २०१० मध्ये देशातली बेकारी १० टक्क्यांच्या वर गेली. मग जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका गोदामात चार वर्षं. २०१४ पासून आठ वर्षं आयर्लंडच्या किलीबेग्ज बंदरात, मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात. किलीबेग्ज हे आयर्लंडचं सर्वांत मोठं मासेमारी बंदर, आणि तिथं हिवाळ्यात मुख्यतः अटलांटिकचा बांगडा येतो. थोरले सांगत होते, पहिल्या दिवशी पट्ट्यावरून येणारा बांगडा बघितला आणि डोळ्यांत पाणी आलं. जात वेगळी, पण पाठीवर पट्टे होतेच.

२०२२ च्या अखेरीस ते कायमचे परत आले, आणि येताच एका एजंटानं त्यांचा हिशेब करून दिला. पोर्तुगालात पेन्शनला किमान पंधरा वर्षांचा भरणा लागतो, तुमची सहा. जर्मनीत पाच लागतात, तुमची चार. आयर्लंडात दहा वर्षं, म्हणजे ५२० आठवडे लागतात, तुमची आठ. तीनही ठिकाणी बसत नाही, सोडून द्या.

या हिशेबात एकही आकडा चुकीचा नाही. म्हणूनच थोरल्यांनी तो दोन महिने खरा धरला. अठरा वर्षं पगारातून कापून घेतलेले पैसे गेले, असं मानून त्यांनी काजूची बाग विकायचं ठरवत आणलं होतं. बागेचा सौदा झाला असता तर हे प्रकरण लिहिताना माझा हात थरथरला असता.

एजंटानं न पाहिलेला कायदा

युरोपीय संघात सामाजिक सुरक्षेचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे. पेन्शनचं वय वेगळं, किमान वर्षं वेगळी, रक्कम काढायची रीत वेगळी. थोरल्यांच्याच बाबतीत बघा: जर्मनीत १९५७ ला जन्मलेल्यांचं वय ६५ वर्षं ११ महिने, आयर्लंडात ६६, पोर्तुगालात २०२३ साली ६६ वर्षं ४ महिने. म्हणजे एकाच माणसाला त्याच वर्षी फेब्रुवारीत एका देशानं म्हातारं ठरवलं, मार्चमध्ये दुसऱ्यानं, जुलैमध्ये तिसऱ्यानं. हे एकसारखं करण्याचा प्रयत्न संघ करतही नाही.

संघ एवढंच सांगतो की माणूस एका देशातून दुसऱ्यात गेला तर त्याची वर्षं त्याच्याबरोबर गेली पाहिजेत. सध्याचा नियम आहे ८८३/२००४. तो १ मे २०१० पासून लागू झाला. त्यातल्या सहाव्या कलमानं प्रत्येक देशाला बांधून घेतलं आहे: पात्रता ठरवताना इतर सदस्य देशांत भरलेली वर्षं आपल्याच देशात भरली असं समजायचं. सहा अधिक चार अधिक आठ, अठरा. अठरा वर्षं पंधरापेक्षा जास्त, पाचापेक्षा जास्त, दहापेक्षाही जास्त. तीनही दारं उघडली.

पात्रता ठरली की रक्कम. इथं लोकांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. प्रत्येक देश आधी एक कल्पित रक्कम काढतो: हा माणूस सगळी अठरा वर्षं आमच्याकडेच असता तर आम्ही किती दिलं असतं? मग त्या रकमेतला आपल्या वाट्याचा अंश देतो. समजायला सोपं म्हणून तिन्ही देशांची कल्पित रक्कम महिना ९०० युरो धरू. पोर्तुगाल देईल ६/१८, म्हणजे ३००. जर्मनी ४/१८, म्हणजे २००. आयर्लंड ८/१८, म्हणजे ४००. प्रत्यक्षात तिन्ही देशांचे कल्पित आकडे निरनिराळे येतात, आणि एखाद्या देशाच्या स्वतःच्या कायद्यानं जास्त रक्कम निघत असेल तर ती द्यावी लागते. पण तत्त्व हेच. कोणीही दुसऱ्या देशाच्या वर्षांचे पैसे देत नाही. फक्त ती वर्षं मान्य करतो. जिथं एका वर्षापेक्षा कमी भरणा झाला आहे, तो देश पेन्शन द्यायला बांधील नाही. ते तुटक महिने बाकीचे देश आपल्या हिशेबात धरतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती अर्जाची रीत. मी स्वतः आधी तीन अर्ज लिहायला घेतले होते. पोर्तुगीजचं भाषांतर कोणाकडून करून घ्यावं, या विवंचनेत चार दिवस घालवले. मग नियम नीट वाचला. अर्ज एकच करायचा: राहत्या देशात, किंवा जिथं शेवटचं काम केलं त्या देशात. थोरले संघाबाहेर, कोकणात राहतात. म्हणून शेवटचा देश, आयर्लंड. त्यांच्या वृद्धापकाळ पेन्शनचं कार्यालय स्लायगो शहरात आहे, किलीबेग्जपासून फार लांब नाही. तिथं अर्ज पोहोचला की पुढच्या दोन देशांकडे तो पाठवणं, नोंदी मागवणं, उत्तरं गोळा करणं हे त्या कार्यालयाचं काम. आणि स्लायगोत अर्ज ज्या तारखेला मिळाला तीच तारीख जर्मनीत आणि पोर्तुगालातही धरली जाते. उशीर कार्यालयांचा झाला तर त्याचा तोटा अर्जदाराला नाही. अर्जदारानं दर देशातला आपला विमा क्रमांक तेवढा द्यायचा. थोरल्यांच्या डब्यात तिन्ही होते.

आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला. आयर्लंडचा निर्णय आधी आला, मग जर्मनीचा. पोर्तुगालला चौदा महिने लागले. मधल्या काळात दोनदा तेच ते कागद पुन्हा मागवले गेले. मी पाठवत राहिलो. शेवटी तिन्ही निर्णयांचा गोषवारा एका कागदावर आला, त्याला तिकडे पी-१ म्हणतात. कोणत्या देशानं किती वर्षं धरली, किती रक्कम मंजूर केली, कुठं दाद मागायची, सगळं एका जागी. थोरल्यांनी तो कागद देवघरात ठेवला आहे. दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो, तेवढं एक काम उरलं.

भारतात पैसे येण्याचं काय? ते संघाच्या नियमात बसत नाही, कारण भारत संघाबाहेर. पण भारताचे जर्मनीशी आणि पोर्तुगालशी सामाजिक सुरक्षेचे करार २०१७ पासून लागू आहेत, आणि आयर्लंड आपली भरण्यावरची पेन्शन जगात कुठंही देतो. इथंच थोरल्यांची एक चूक सांगतो, कारण ती आपल्याकडे घरोघरी होते. रेडीच्या खाणीवरच्या सात वर्षांचा पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा त्यांनी जाताना काढून घेतला. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं आणि वर्षं जिवंत राहतात. काढले की ती वर्षं पुसली गेली. विमानाच्या तिकिटाला पैसे हवे होते, त्यांना दोष देत नाही. पण बाहेर निघालेल्या प्रत्येक मुलाला मी आता आधी हे सांगतो.

आमच्या पट्ट्यातले बरेचजण इंग्लंडात आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी एक वाक्य. ब्रिटन संघातून बाहेर पडला, आणि ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा संक्रमणकाळही संपला. पण त्याआधीपासून तिथं राहून काम करणाऱ्या संघ-नागरिकांची वर्षं माघारीच्या करारानं राखली आहेत. ती गेली, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

धाकट्यांचा प्रश्न

आयर्लंडचं पत्र आलं त्या संध्याकाळी थोरले पेढे घेऊन आले. सोबत धाकटे होते. धाकट्यांचा जन्म १९६१ चा. आई तीच, म्हणजे हक्क तोच. पण त्यांनी पोर्तुगालचे कागद केले नाहीत. म्हातारीपाशी कोणीतरी राहायला हवं होतं. ते चोवीस वर्षांचे असताना बोटीवर चढले आणि गुडघे गेले तेव्हा उतरले. चौतीस हंगाम. वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरीचं मिरकरवाडा. गोव्यात मालीम आणि वास्को. कर्नाटकात कारवार आणि मालपे. आधी खलाशी, शेवटची नऊ वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या.

मी थोरल्यांना अंशाचा हिशेब समजावून सांगत होतो. धाकटे गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "काकानू, तेका तीन देश देतत. माका एक पण देणा नाय. मगे माझी वर्सां खंय गेली?"

मी त्यांना त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. नंतर आठवडाभर बसून शोधलं, आणि जे हाती लागलं ते असं. बोटीवर पगार आगाऊ रक्कम आणि मासळीतला वाटा असा मिळतो, हिशेब हंगामाच्या शेवटी. पीएफ नाही, पगाराची चिठ्ठी नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली, तसं कार्ड धाकट्यांकडे आहे. त्यावर माणूस कोण ते कळतं, त्यानं किती काम केलं ते नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली, वयाची अट १६ ते ५९. धाकटे तेव्हा साठीत होते. श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन या दोन्ही योजनांत शिरायचं वय चाळिशीपर्यंत. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ नंतर, तीही उत्पन्नाच्या अटीवर. आणि ती गरजू म्हाताऱ्याला मिळते, कामाच्या वर्षांशी तिचा संबंध नाही.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आपल्याकडे १९७९ पासून होता. पण तो ठेकेदारामार्फत नेलेल्या कामगारांपुरता. धाकटे मालप्याला स्वतःच्या पायांनी, ओळखीच्या मालकाकडे गेले. म्हणून त्या कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नव्हतेच. कामगार-सुरक्षेच्या २०२० च्या संहितेनं व्याख्या रुंदावली, स्वतःहून गेलेल्यालाही त्यात घेतलं, वेतनाची मर्यादा १८,००० रुपये ठेवली. धाकट्यांची बोटीवरची वर्षं तोवर संपली होती.

एका देशातली तीन राज्यं, आणि एका संघातले तीन देश. पहिल्यात माणूस हरवला, दुसऱ्यात सापडला. हे का झालं, याचा विचार मी अजूनही करतो आहे.

संघानं काय बांधलं

योगायोग असा की थोरले जन्मले त्याच महिन्यात, २५ मार्च १९५७ ला, सहा देशांनी रोमचा करार केला. कामगारांना कुठंही जाऊन काम करण्याची मुभा त्यात होती. पण करार करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: दार उघडलं तरी म्हातारपणाची वर्षं मागे राहणार असतील तर कोणी उंबरठा ओलांडणार नाही. म्हणून संघाच्या अगदी पहिल्या नियमांपैकी तिसरा, १९५८ चा, स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा होता. पुढे १९७१ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला, २००४ मध्ये पुन्हा. इटलीचे खाणकामगार बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत उतरत होते, त्यांच्या गरजेतून जन्मलेला नियम साठ-पासष्ट वर्षांनी कोकणातल्या माणसाच्या कामी आला.

ही कायद्याची, बांधून घेणारी बाजू. रोजगार धोरणाची बाजू वेगळी आहे आणि बरीच मऊ आहे. १९९७ च्या अॅम्स्टरडॅम करारात रोजगारावर स्वतंत्र प्रकरण आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्झेंबर्गला नेते जमले आणि एक वार्षिक चक्र ठरलं. संघ मार्गदर्शक तत्त्वं ठरवतो, प्रत्येक देश आपण काय केलं ते लिहून देतो, सगळे एकमेकांचं तपासतात, आणि मंत्र्यांची परिषद एकेका देशाला शिफारस करते. न पाळल्यास दंड नाही. उलट करारातच स्पष्ट लिहिलं आहे की या प्रकरणाच्या आधारे देशांचे कायदे एकसारखे करता येणार नाहीत. २०११ पासून हे चक्र अर्थसंकल्पांच्या तपासणीबरोबर एकाच वेळापत्रकात चालतं.

याचं फळ किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर संमिश्र. २००० मध्ये लिस्बनला ठरलं की २०१० पर्यंत कामाच्या वयातल्या १०० पैकी ७० जणांना रोजगार असेल. ते झालं नाही. मग २० ते ६४ वयोगटासाठी २०२० पर्यंत ७५ टक्के, तेही हुकलं. आता २०३० साठी ७८ टक्के ठरलं आहे. पोर्तुगालात २०१३ च्या सुरुवातीला बेकारी १७ टक्क्यांच्या पुढे गेली तेव्हा ही तत्त्वं, हे अहवाल सगळे होते. पण २०११ ला ७८ अब्ज युरोच्या मदतीबरोबर खर्चकपातीच्या अटी आल्या, आणि शिफारशींपेक्षा त्या अटी जड ठरल्या. थोरले त्याआधी वर्षभर जर्मनीला निघून गेले होते. धोरणाचा समन्वय कमी पडला तिथं माणसांनी पायांनी समन्वय केला, असं मला वाटतं. आणि त्यांना ते करता आलं ते वर्षं सोबत नेता येत होती म्हणून.

कोविडमध्ये चित्र बदललं. २०२० मध्ये संघानं सामायिक हमीवर कर्ज काढून सदस्य देशांना दिलं, जेणेकरून मालकांनी माणसं काढू नयेत, कमी पाळ्यांवर ठेवावीत आणि पगाराचा भाग सरकारनं द्यावा. १०० अब्जांची मर्यादा होती, ९८.४ अब्ज युरो १९ देशांनी घेतले. आयर्लंड आणि पोर्तुगाल त्यांत होते. थोरल्यांच्या डब्यात त्या उन्हाळ्यातल्या चिठ्ठ्या आहेत, त्यांवर पगार-अनुदानाची वेगळी ओळ आहे. त्यांना तेव्हा ती कसली हे ठाऊक नव्हतं.

मऊ समन्वयाचा एक गुण मात्र मी मानतो. सगळ्या देशांनी बेकार कोणाला म्हणायचं हे एकाच मापानं ठरवलं: काम नाही, गेल्या चार आठवड्यांत शोधलं, दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो. माप एक झाल्यावर दरवर्षी समोरासमोर बसून "तुमच्याकडची तरुण पोरं घरी का?" असं विचारता येतं. २०१३ ची युवा हमी अशाच बैठकांतून आली: पंचविशीच्या आतल्या मुलाला शाळा किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांत काम, शिकाऊ जागा किंवा पुढचं शिक्षण देऊ करायचं. २०२० मध्ये वय तिशीपर्यंत नेलं. सगळीकडे सारखी चालली नाही. पण विचारणारं कोणीतरी होतं.

आमचा किनारा

आता आपल्याकडे बघू. समन्वय आपल्याला जमत नाही, असं म्हणायला मी तयार नाही. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. पूर्वी राज्याराज्यांच्या तारखा पुढेमागे असायच्या, आणि एकाकडे बंदी असताना दुसऱ्याच्या बोटी सुटल्या की जेटीवर भांडणं. मासा हद्द ओळखत नाही, तारखा जुळल्याच पाहिजेत, हे सगळ्यांनी मानलं आणि तारखा जुळल्या.

खलाशीही हद्द ओळखत नाही. ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गातला मालप्याच्या ट्रॉलरवर असतो, रायचूर-कोप्पळकडचा मालवणात, आणि नेपाळमधला रत्नागिरीच्या पर्ससीनवर. नेपाळच्या मुलाला १९५० च्या कराराप्रमाणे इथं येऊन राहता येतं, काम करता येतं, परवाना लागत नाही. दार सताड उघडं आहे. पण वीस वर्षं रत्नागिरीत घालवून तो धनगढीला परतला तर त्याच्याबरोबर काय जातं? उघडं दार आणि समन्वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्याच्याकडे पाहून नीट कळलं.

बसून बोलायची जागा तरी आहे का? १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा झाल्या. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात पश्चिम परिषदेत. कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे वेंगुर्ला आणि कारवार, जिथं एकाच कुटुंबातली माणसं हंगामाला जातात-येतात, ती दोन वेगवेगळ्या टेबलांवर. कामगार कल्याण हा विषय समवर्ती सूचीत आहे, केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. अडथळा घटनेचा नाही.

आणि नोंदीचाही नाही. बोट समुद्रात जाताना तिच्यावर कोण कोण आहे याची नोंद सुरक्षेसाठी बंदरावर घेतली जाते. फेरी, तारीख, नावं. अतिरेकी येऊ नयेत म्हणून लिहिलेल्या याच ओळी खलाशाच्या कामाचे दिवस आहेत. त्या आधार किंवा पीएफच्या क्रमांकाशी जोडल्या आणि राज्यांनी एकमेकांच्या नोंदी मान्य करायचं ठरवलं, तर मालप्यातला हंगाम वेंगुर्ल्यात मोजला जाईल. किमान वेतन वेगळं राहू दे, योजना वेगळ्या राहू देत. पोर्तुगाल आणि जर्मनीचंही वेगळंच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षं माणसाबरोबर चालावीत, आणि त्यांचा माग काढायचं काम साठीतल्या माणसाच्या गळ्यात न पडता कार्यालयांनी आपसात करावं.

मालक म्हणतात, भरणा लावला तर खलाशी मिळायचे नाहीत, त्यांना हातात रोकड हवी. यात तथ्य आहे. डिझेल, बर्फ, जाळी यांचा खर्च काढून मालकाच्या हाती दरवेळी फार उरतं असंही नाही. पण वाट्याचा हिशेब होतो त्या दिवशीच कापून भरण्याची पद्धत बसवता येईल. हंगामी काम आहे म्हणून महिन्याचा आग्रह धरायची गरज नाही. आयर्लंड आठवडे मोजतो. पोर्तुगाल वर्षात १२० दिवस भरले तर वर्ष धरतो. आमच्या हंगामात दिवस त्याहून जास्त असतात.

धाकट्यांना मी गेल्या पावसाळ्यात दोनशे पानी वही दिली. त्यांनी आठवून चौतीस हंगाम लिहिले: बोटीचं नाव, बंदर, मालक, तांडेल कोण, सोबत कोण. अकरा हंगामांना मालकांनी किंवा त्यांच्या मुलांनी सही करून दिली, गोव्यातल्या दोघांनी आणि मालप्यातल्या एकानंही. बाकीचे मालक वारले किंवा बोटी विकल्या गेल्या. ही वही स्वीकारणारी खिडकी आज कुठंच नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

१ ऑगस्टला बंदी उठली तेव्हा शेजारच्या बंदरातल्या चार बोटींवर आम्ही तशीच वही ठेवली. दर फेरीला नावं आणि तारीख लिहायची, हंगामाच्या शेवटी मालक आणि खलाशी दोघांच्या सह्या घ्यायच्या, एक प्रत खलाशाकडे राहील. नेपाळच्या दोन मुलांना लिहिता येतं, एका बोटीवर त्यांच्याकडेच ते काम आहे. धाकटे दर शनिवारी जेटीवर जाऊन चारही वह्या तपासतात. परवा एकीत तीन फेऱ्या लिहायच्या राहिल्या होत्या, तर तांडेलाला तिथंच बसवून लिहून घेतल्या आणि मगच घरी आले.